करविले कोणी, केले कोणी?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार कायद्यावर किंवा महागाईभत्त्यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी 'बाहुबली'चे नाव सांगितले आणि ते हसले. युनियनचा माणूस सिनेमावर काय बोलणार, असे त्यांना वाटले असावे. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. मी काही चित्रपटाचा टीकाकार नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु एक प्रसंग असा घडला की, मला हा विषय अभ्यासावा लागला.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे कचेरीत आला. पुण्यात एका ठिकाणी तो संगणकावर चित्रे हलती करण्याचे, ज्याला अॅनिमेशन म्हणतात, ते काम करीत होता. काम कुठल्याशा मालिकेचे होते. ती मालिका 'बाहुबली' नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. रोज बारा-बारा तास बसून त्याने घोडे पळवले, धूळ उडवली, मशाली पेटवल्या. पुढे मालिका मधेच थांबली आणि दोन महिन्यांचे पैसे अडकले. मी त्याच्याजवळ नेमणुकीचे पत्र मागितले. ते नव्हते. पगाराची चिठ्ठी मागितली. तीही नव्हती. मग त्याने मला उलट विचारले, "काका, पण मी कामगार आहे का हो? तिथे आम्हांला सगळे आर्टिस्ट म्हणतात."

ह्या प्रश्नाचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. म्हणून मी वाचू लागलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम 'बाहुबली'चा पसारा पाहू. एस. एस. राजमौली हे तेलुगू दिग्दर्शक. त्यांचे वडील व्ही. विजयेंद्र प्रसाद ह्यांनी कथा रचली. शोबू यार्लगड्डा आणि प्रसाद देविनेनी ह्यांची अर्का मीडिया वर्क्स ही निर्मितीसंस्था. पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी लागला, दुसरा २८ एप्रिल २०१७ रोजी. मधल्या पावणेदोन वर्षांत 'कटप्पाने बाहुबलीला का मारले?' हा एकच प्रश्न देशभर फिरत राहिला. आमच्या एस. टी.त कंडक्टर सुट्टे पैसे देताना उतारूंना तो प्रश्न विचारी. कथा अर्ध्यावर तोडून श्रोत्याला घरी पाठवण्याची ही युक्ती आपल्या पुराणिकांना नवी नाही. पण तिच्यावर कोट्यवधी रुपये उभे राहिलेले लोकांनी प्रथमच पाहिले. दुसऱ्या भागाने जगभर मिळून हजार कोटी रुपयांच्या गल्ल्याचा टप्पा ओलांडला.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. कथा दोन भागांत संपली, पण काम संपले नाही. २०१७ सालीच आनंद नीलकंठन ह्यांची इंग्रजी कादंबरी आली. तिच्यात राजमाता शिवगामीचे लहानपण आहे, जे चित्रपटात नाही. त्या कादंबरीचे पुढचे दोन भाग २०२० आणि २०२१ साली निघाले. २०१७ मध्येच 'द लॉस्ट लेजंड्स' ही अॅनिमेशनची मालिका अॅमेझॉनवर सुरू झाली. तिच्यात दोघा राजपुत्रांच्या तरुणपणाच्या कथा होत्या. चित्रकथांची पुस्तके निघाली, खेळ निघाले. रामोजी फिल्म सिटीत महिष्मतीचे देखावे तिकीट लावून लोकांना दाखवले जाऊ लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिला भाग पडद्यावर चालू असताना त्याचे संगीत वादकांनी समोर बसून वाजवले. २०२१ साली दूरदर्शनसंचावर तो मराठी बोलू लागला. मे २०२४ मध्ये 'क्राउन ऑफ ब्लड' ही आणखी एक अॅनिमेशन मालिका आली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दोन्ही भाग कापून जोडून सुमारे पावणेचार तासांचा एकच चित्रपट पुन्हा थिएटरात लागला. नेटफ्लिक्सने २०१८ साली जाहीर केलेली एक मालिका मात्र प्रेक्षकांपर्यंत पोहोचलीच नाही.

हे असे का होते? ह्याचे कारण हिशेबात आहे. पहिल्या भागाला सुमारे १८० कोटी रुपये लागले असे सांगतात. तो पैसा केवळ नटांवर गेला नाही. कलादिग्दर्शक साबू सिरिल ह्यांच्या हाताखाली एक अख्खे राज्य उभे करावे लागले. राजवाडा कसा, रथ कसा, शिरस्त्राण कसे, शत्रूची तलवार कशी, हे सगळे आधी कागदावर काढावे लागले. कालकेय नावाच्या रानटी टोळीला बोलण्यासाठी मदन कार्की ह्यांनी किलिकी ही भाषाच नव्याने रचली. गिरणीत नवा साचा बसवताना जो खर्च येतो, तो पहिल्या तागावर फेडता येत नाही. साचा चालता ठेवावा लागतो. महिष्मती हा असाच एक साचा आहे. तो एकदा बसला की, त्यावर कादंबरी विणता येते, मालिका विणता येते, खेळणे विणता येते. म्हणून आजचा निर्माता एक गोष्ट विकत नाही, तो गोष्टीचे गावच विकतो. गावात जितकी घरे रिकामी, तितक्या नव्या गोष्टी. शिवगामीचे बालपण हे असे एक रिकामे घर होते.

ही रीत आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. ज्या आळे गावात आपण बसलो आहोत, त्याच्याच कथेकडे पाहा. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्यामुखी वेद बोलवले आणि पुढे त्या रेड्याने आळे येथे देह ठेवला, अशी परंपरा आहे. त्याची समाधी आपल्या गावात आहे. ही कथा आधी लोकांच्या तोंडी होती. संतांच्या चरित्रांतून ती फिरली. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तिविजया'त संतांच्या कथा ओवीत बांधल्या आणि पोथी घरोघर गेली. कीर्तनकारांनी आख्यानाला रंग भरला. १९४० साली पुण्याच्या प्रभात कंपनीने 'संत ज्ञानेश्वर' हा बोलपट काढला. दामले आणि फत्तेलाल ह्यांनी तो दिग्दर्शित केला आणि चालती भिंत लोकांनी डोळ्यांनी पाहिली. कथा एका घरातून दुसऱ्या घरात गेली, प्रत्येक ठिकाणी तिने नवा वेष घेतला. मात्र एक फरक होता. ह्या कथेचा मालक कोणी नव्हता. महिपतींनी कोणाची परवानगी मागितली नाही, कीर्तनकाराने कोणाला भाडे दिले नाही. महिष्मतीला कुंपण आहे. रेड्याच्या कथेला कुंपण नव्हते.

आणखी एक गंमत सांगतो. राजमौलींनी अनेकदा सांगितले आहे की, लहानपणी ते 'अमर चित्र कथा' वाचत असत. ही पुस्तके १९६७ पासून मुंबईहून निघू लागली. त्यांची चित्रे काढणाऱ्यांत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही आपली मराठी मंडळी होती. त्यांच्याही मागे जायचे तर राजा रविवर्मा ह्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. त्या छापखान्याशी दादासाहेब फाळक्यांचा कामानिमित्त संबंध आला आणि त्याच फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. म्हणजे चित्रातून चित्रपट आणि चित्रपटातून पुन्हा चित्र, हा प्रवास आपल्या भागाने फार पूर्वी पाहिला आहे. आंध्रातल्या त्या मुलाच्या मनात जे राजवाडे उभे राहिले, त्यांच्या काही रेषा मराठी हातांनी ओढलेल्या होत्या. ते हात किती जणांना ठाऊक आहेत?

येथेच मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. 'बाहुबली' हे नाव चित्रपटाने निर्माण केलेले नाही. जैन परंपरेत भरत आणि बाहुबली ह्या दोघा भावांचा राज्यासाठी झगडा झाला. बाहुबली जिंकला आणि जिंकलेले राज्य सोडून तपाला उभा राहिला. कर्नाटकात श्रवणबेळगोळ येथे त्याचा सुमारे सत्तावन्न फूट उंचीचा एकसंध दगडी पुतळा आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस गंग राजांचा मंत्री चामुंडराय ह्याने तो उभारला. त्या पुतळ्याच्या पायाशी मराठीत कोरलेली ओळ आपण शाळेत ऐकली आहे: 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. तिचा काळ कोणता, ती मराठीतली पहिली की अक्षीचा शिलालेख पहिला, हा वाद पंडितांनी घालावा. मला त्या ओळीतले क्रियापद पाहून थांबावेसे वाटले. 'केले' असे तेथे लिहिलेले नाही; 'करवियलें' असे लिहिले आहे. चामुंडरायाने करविले, हे खरेच आहे आणि प्रामाणिकपणे लिहिले आहे. पण ज्याने छिन्नी धरली त्याचे नाव त्या ओळीत नाही. आपल्या भाषेच्या आद्य अक्षरांत करविणारा आहे, करणारा नाही.

हजार वर्षांनी कायद्याची भाषा काय आहे? १९५७ चा स्वामित्वहक्काचा म्हणजे कॉपीराइटचा कायदा उघडून पाहा. कादंबरीचा कर्ता कोण, तर लेखक. चित्राचा कर्ता कोण, तर चित्रकार. चित्रपटाचा कर्ता कोण? दिग्दर्शक नव्हे, नट नव्हे, निर्माता. आणि निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी पत्करली तो. म्हणजे करविणारा तोच कर्ता! शिवाय नोकरीत असताना कामगाराने जे चित्र काढले, त्याची मालकी वेगळा करार नसेल तर नोकरी देणाऱ्याची होते. आमच्या मुलाने पळवलेला घोडा त्याचा नव्हता. तो घोडा उद्या दुसऱ्या मालिकेत पळाला, खेळण्यावर छापला गेला, तरी मुलाला त्याचा पैसा मिळण्याची तरतूद नाही. त्याने बारा तास विकले होते, ते तास संपले.

येथे निर्मात्यावर अन्याय करू नये. चित्रपट पडला तर कर्ज त्याच्या डोक्यावर राहते, रंगवणाऱ्याच्या नव्हे. जो धोका घेतो त्याला नफा मिळावा, ह्याला माझा विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच की, पूर्वी चित्रपट लागला, चालला, उतरला; मजुरी एकदा आणि नफाही बहुधा एकदा. आता तोच साचा दहा वर्षे चालतो. नफा दहा वेळा येतो आणि मजुरी मात्र एकदाच. व्यवहार बदलला, तर करारही बदलायला हवा.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल तर त्याला २०१२ सालची आठवण द्यावी. गीतकार आणि संगीतकार एकरकमी पैसे घेऊन सर्व हक्क लिहून देत असत आणि गाणे रेडिओवर, दूरदर्शनवर, लग्नमंडपात वाजत राही. त्यांनी एकजूट केली. कवी जावेद अख्तर ह्यांनी राज्यसभेत त्यांची बाजू मांडली. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि थिएटरातल्या चित्रपटाबाहेर त्या शब्दसुरांचा उपयोग झाला तर त्यांना वाटा मिळण्याचा हक्क आला. हा हक्क लिहून देतो म्हटले तरी देता येत नाही, हे त्यातले मर्म आहे. गरजू माणसाकडून सही घेणे सोपे असते. म्हणून काही सह्या कायद्यानेच निरर्थक ठरवाव्या लागतात. शब्दांना आणि सुरांना जे मिळाले ते रेषेला आणि रंगाला अजून मिळालेले नाही.

दुसरे उदाहरण प्रभातचे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ही कंपनी निघाली, १९३३ साली पुण्यास आली. तिचे पाच मालक होते: शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. कुलकर्णी ह्यांनी पैशाची बाजू सांभाळली. बाकीचे चौघे बाबूराव पेंटर ह्यांच्या कंपनीत हाताने काम शिकलेले. म्हणजे तेथे करणारे हेच करविणारे झाले होते. 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेला, तो पडदे रंगवलेल्या माणसांनी काढलेला चित्रपट होता. प्रभातमध्येही शेकडो लोक पगारावरच होते, हे मी विसरत नाही. ती कंपनीही टिकली नाही. १९६० पासून तिच्या जागेवर सरकारची चित्रपटसंस्था उभी आहे. तरीसुद्धा कारागीर मालक होऊ शकतो, हे एकदा घडून गेले आहे. जे एकदा घडले ते अशक्य म्हणता येत नाही.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. तो कामगार आहे का? १९८१ साली चित्रपट कामगारांसाठी कायदा झाला आणि लेखी कराराशिवाय त्यांना कामावर ठेवू नये असे ठरले. तेव्हा संगणकावर घोडे पळवणारा हा वर्गच नव्हता. पुढे २०२० साली कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य ह्यांबाबतची जी संहिता संसदेने मंजूर केली, तिच्यात 'दृक्श्राव्य कामगार' असा शब्द आला आणि दृक्श्राव्य निर्मितीच्या व्याख्येत अॅनिमेशन, व्यंगचित्रे, वेबमालिका ही नावे घेतली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ह्या श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतल्या पुष्कळ कलमांविरुद्ध आम्ही संप केले आहेत आणि ती लढाई संपलेली नाही. पण वाईट पोत्यातही चार दाणे चांगले निघाले तर ते फेकू नयेत. नेमणुकीचे पत्र प्रत्येकाला दिले पाहिजे, दृक्श्राव्य कामगाराशी लेखी करार केला पाहिजे, हे आता लिहिलेले आहे. तेव्हा, बाळ, तू आर्टिस्ट आहेस आणि कामगारही आहेस. सोनार कलावंत असतो म्हणून त्याची मजुरी बुडवावी असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

त्याच्या थकलेल्या दोन महिन्यांपैकी एका महिन्याचे पैसे आम्ही मिळवून दिले. दुसऱ्याचे मिळाले नाहीत, कारण दाखवायला कागद नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो. युनियनचा माणूस सभेत नेहमी जिंकलेल्या गोष्टीच सांगतो. हरलेली अर्धी गोष्टही सांगितली पाहिजे.

आपल्या शेजारचे नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी देण्यास येतात. विठाबाई नारायणगावकरांचे नाव तेथूनच देशभर गेले. तेथे रक्कम ठरते, तारीख ठरते, विसार हातावर पडतो आणि मगच ढोलकी उचलली जाते. ज्यांना आपण अडाणी म्हणत आलो त्या कलावंतांना विसाराचे महत्त्व कळते. आणि इंजिनियरिंगपर्यंत शिकलेली आमची मुले एका फोनवर कामाला बसतात! आज ह्या सभेत ज्यांची मुले पुण्या-मुंबईला असे काम करतात, त्यांनी घरी गेल्यावर एकच विचारावे: तुझे नेमणुकीचे पत्र कोठे आहे?

आणि आपण प्रेक्षकांनीही एक करावे. चित्रपट संपला की, पडद्यावर नावांची रांग वर सरकू लागते आणि आपण चपला शोधू लागतो. 'बाहुबली'च्या शेवटी अशी शेकडो नावे आहेत. हैदराबादच्या मकुटा ह्या संस्थेसारख्या किती तरी ठिकाणी बसून ज्यांनी तो धबधबा, ते सैन्य, ते नगर उभे केले, त्यांची ती नावे. श्रवणबेळगोळच्या त्या ओळीत जी जागा नव्हती, ती येथे निदान दोन मिनिटांपुरती आहे. तेवढी दोन मिनिटे बसून राहावे.

शेवटी पुन्हा आपल्या गावाकडे येतो. पैठणला वेद कोणी बोलवले? ज्ञानेश्वरांनी. त्यांची समाधी आळंदीला आहे आणि साऱ्या महाराष्ट्राचा माथा तेथे टेकतो. पण वेद बोलला कोण? ते एक मुके जनावर होते, पाठीवर पखाल वाहणारे. आपल्या वाडवडिलांनी त्याला विसरून चालले असते. कोणी जाब विचारला नसता. तरी त्यांनी आळे गावात त्याची समाधी बांधली आणि आजही तेथे माणसे हात जोडतात. बोलविणाऱ्याचा मान राखला आणि बोलणाऱ्याचाही राखला. एवढी समज ज्या गावाला आहे, त्या गावाला मी आणखी काय सांगावे?